गेमचे पैसे एकदा मोजले, तरी रोज पुन्हा का मोजायचे?

हिशेबनीस_विटा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे.

मी विट्यात एका पतसंस्थेत हिशेब बघतो. वय ३६. तिसरीत असल्यापासून गेम खेळतोय. आधी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम होता, मारिओ आणि कॉन्ट्रा. नंतर सांगलीत कॉलेजला असताना सायबर कॅफेत तासाला १५ रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक. त्या १५ रुपयांत पूर्ण तास मिळायचा, आणि शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा जिंकला तर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला म्हणून जिंकायचा. घरचे लोक गेमला नावं ठेवतात तेव्हा मी आजही गेमच्या बाजूनं भांडतो.

यंदा दिवाळीच्या बोनसमधून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेतला. नाव लिहीत नाही. किंमत ३,४९९ रुपये. घरी आणून लावला तर निम्म्याहून जास्त गाड्या कुलपात. शर्यती जिंकून गुण जमवा आणि कुलूप उघडा, नाहीतर गेममधली नाणी विकत घ्या. मी म्हटलं, ठीक आहे, जिंकून उघडू. हिशेब लिहायची सवय असल्यामुळे वही केली. पहिली मोठी गाडी मिळायला मला १२ संध्याकाळी लागल्या. मग एक अपडेट आला आणि शर्यतीचे गुण कमी झाले. त्याच दर्जाची दुसरी गाडी मिळायला किती लागल्या? ३१ संध्याकाळी. माझं खेळणं बिघडलेलं नव्हतं, उलट सुधारलं होतं.

नाण्यांचा हिशेब तर मला दोन रात्री झोपू देत नव्हता. एक गाडी ७०० नाण्यांची. पण ७०० नाणी विकत मिळतच नाहीत. ५०० ची थैली ४४९ रुपयांना आणि १,१०० ची ८९९ ला. म्हणून १,१०० घ्यायची, गाडी घेतली की ४०० उरतात. दुसऱ्या गाडीला ३०० कमी पडतात, म्हणून ५०० ची थैली घ्यायची, पुन्हा २०० शिल्लक. दोन गाड्यांचे १,३४८ रुपये गेले, वर २०० नाणी अशी पडून आहेत की त्यांचं काहीच येत नाही आणि रुपये करून परतही मिळत नाहीत. आमच्या संस्थेत एखाद्या खातेदाराची शिल्लक मी अशी अडकवून ठेवली असती, तर लेखापरीक्षकानं मला उभं केलं असतं. हो, त्या दोन गाड्या मी घेतल्या. तेव्हा चिडून घेतल्या.

शर्यत हरलो तर मला वाईट वाटत नाही. पण गेम आधी मुद्दाम हळू करायचा आणि तो परत चालता करून द्यायला माझ्याकडेच पैसे मागायचे, हे मला सहन होत नाही.

आता खरा विषय. माझी बहीण कऱ्हाडला असते, घरी ब्लाउज शिवते. एका ब्लाउजचे २५० घेते. तिचा मुलगा सहावीत आहे. दूध, किराणा आणायला तोच जातो, म्हणून आईच्या मोबाईलचा यूपीआय पिन त्याला पाठ. त्याच मोबाईलवर तो बंदुकीचा एक गेम खेळतो, फुकटात मिळणारा. गुरुवारी त्यानं ७९९ आणि २,९९९ रुपयांचं टॉप-अप केलं, काल संध्याकाळी पुन्हा २,९९९. एकूण ६,७९७ रुपये बंदुकीच्या एका स्किनसाठी, म्हणजे तिच्या नुसत्या रंगरूपासाठी, स्पिन करण्यात गेले (पैसे देऊन चक्र फिरवायचं, नशिबात असेल ते मिळतं), आणि ती स्किन मिळालीच नाही. आज दुपारी बहिणीनं बँकेचा मेसेज वाचला. दाजींनी मोबाईल काढून घेतला, घरात कोणी धड जेवलं नाही. मी फोनवर विचारलं तर पोरगं एवढंच म्हणालं, "मामा, साध्या कपड्यात खेळलं की सगळे बॉट म्हणतात. टीममध्ये घेत नाहीत." बॉट म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो तो कच्चा खेळाडू.

मला दोन गोष्टी सांगा. हे पैसे परत मिळवायला काही करता येतं का? आणि या मुलाला मी काय सांगू? खेळूच नको असं माझ्या तोंडून निघणार नाही.

कोर्टाची_पायरी (रविवार, रात्री १०:०५)

दादा, बाकीची चर्चा नंतर. कालचा व्यवहार अजून ४८ तासांच्या आत आहे. टॉप-अप गूगल प्लेमधून झालं असेल तर आत्ता बहिणीला तिच्या खात्यातून परताव्याची विनंती करायला सांगा. प्लेच्या ऑर्डरच्या यादीत जायचं, तो व्यवहार उघडायचा आणि कारण निवडताना घरातल्या मुलानं परवानगीशिवाय खरेदी केली असं स्पष्ट लिहायचं. गुरुवारच्या दोन व्यवहारांना ४८ तास उलटून गेलेत, त्यांच्यासाठी गेमच्या कंपनीला गेमच्या मदत विभागातून लिहावं लागेल. तेही आजच लिहा, पण त्यावर फार आशा ठेवू नका.

आणि पिन बदला. आजच. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सोय आहे, ती चालू करा. किराण्यासाठी मुलाच्या हातात रोख द्या.

हिशेबनीस_विटा (रविवार, रात्री १०:५२)

ताई, बहिणीला फोनवर धरून कालच्या व्यवहाराची विनंती टाकली. कंपनीलाही लिहिलं. पिन बदलला. मनापासून आभार.

रात्रपाळी (सोमवार, पहाटे ३:१५)

तुमची वही वाचून बरं वाटलं. आपण सगळे चिडतो, पण लिहून कोणी ठेवत नाही.

हा राग जुना आहे. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं. चिलखतानं घोडा थोडा दणकट व्हायचा, मुख्य म्हणजे दिसायला वेगळा. तेव्हा लोक केवढे भडकले होते! आज तेवढ्या पैशात एक चांगली टोपीही मिळत नाही गेममध्ये, आणि कोणी ब्र काढत नाही. दोष एकट्या कंपन्यांना देऊन चालणार नाही, आपल्यालाही त्याची हळूहळू सवय होत गेली, असं मला वाटतं.

पण एकदा खेळणारे खरंच उभे राहिले होते. नोव्हेंबर २०१७. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २. पूर्ण किमतीचा गेम आणि त्यातलं डार्थ व्हेडर हे मुख्य पात्र कुलपात, उघडायला ६०,००० क्रेडिट्स, म्हणजे गेममधली नाणी. रेडिटवर कोणीतरी हिशेब केला, एका पात्रासाठी साधारण ४० तास. त्यावर कंपनीच्या बाजूनं उत्तर आलं की मेहनतीनं पात्र मिळवल्यावर खेळणाऱ्याला अभिमान वाटावा म्हणून असं ठेवलंय. त्या एका उत्तराला ६ लाख ६० हजारांहून जास्त नापसंतीची मतं पडली. गिनीज बुकात नोंद आहे. मी तेव्हाही रात्रपाळीलाच होतो, दर अर्ध्या तासानं पान उघडून तो आकडा बघायचो. मग व्हेडर १५,००० वर आला, आणि गेम सगळ्यांसाठी बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली सगळी खरेदी बंद केली. पुढच्या वर्षी परत सुरू केली तेव्हा फक्त कपडे आणि रूप, ताकद नाही.

त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही गेममधले पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, जुगारात मोडतात असं जाहीर केलं. ओव्हरवॉच, फिफा १८ आणि काउंटर-स्ट्राइकची नावं होती त्यात. आपण सायबर कॅफेत खेळायचो त्याच काउंटर-स्ट्राइकच्या घरातला पुढचा गेम. ते वाचून मला फार लागलं होतं.

म्हणून माझा नियम असा: नवा गेम आला की महिनाभर घेत नाही. आत काय काय विकायला ठेवलंय ते लोक लिहितात, ते वाचतो, मग ठरवतो.

साधा_शर्ट (सोमवार, सकाळी ९:३०)

मी २१ वर्षांचा, नांदेडचा. इथे बहुतेक सगळे दादा-काका दिसताय, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

माझ्याकडे कन्सोल नाही, पीसी नाही. १३ हजारांचा मोबाईल आहे. साडेतीन हजारांचा गेम मी आयुष्यात घेतलेला नाही. फुकट गेम नसते तर मी गेम खेळलोच नसतो. ज्यांनी स्किन घेतल्या त्यांच्या पैशावर माझ्यासारखे पाच-सहा वर्षं खेळले, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः पार्ट टाइम काम करून रॉयल पास (गेमची ठरावीक मुदतीची वर्गणी) घेतो, आणि त्यात काय मिळणार हे आधी दिसतं. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

पण स्पिन आणि क्रेटला (नशिबावरची पेटी) मी हात लावत नाही, आणि तुमच्या भाच्यालाही सांगा. अजून एक सांगा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाईलवर बंदी घातली तेव्हा मी दहावीनंतरच्या सुट्टीतून नुकताच बाहेर पडलो होतो. आमच्या ग्रुपमधला एक जण त्या दिवशी रडला, कारण त्याची सगळी स्किन त्या खात्यात होती. पुढं जुलै २०२१ मध्ये तोच गेम भारतासाठी बीजीएमआय नावानं आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. प्रत्येक वेळी आम्ही विचारायचो, आपल्या वस्तूंचं काय? तेव्हा कळलं की वस्तू आपल्या नसतातच. गेम आहे तोपर्यंत वापरायला मिळतात.

आणि बॉट म्हणतात हे अगदी खरं आहे. मलाही म्हणायचे. त्यावर इलाज मला एकच सापडला, रोज एकाच चार जणांच्या टीमबरोबर खेळायचं. ओळखीची पोरं कपडे बघत नाहीत. तुमच्या भाच्याला त्याच्या गल्लीतली तीन पोरं शोधून द्या.

कोथरूड_कोडर (सोमवार, दुपारी १:२०)

मी सहा वर्षं मोबाईल गेम बनवायच्या कामात होतो. कंपनीचं नाव सांगणार नाही. आता ते काम सोडलंय. हिशेबनीस, तुम्ही जे वहीत पकडलंत ते चुकून झालेलं नसतं.

थैलीचे आकडे आणि वस्तूंच्या किमती जुळू द्यायच्या नाहीत, हे बैठकीत बसून ठरतं. शिल्लक राहिली की माणूस ती संपवायला परत येतो. रुपयांची नाणी, नाण्यांचे हिरे, हिऱ्यांची तिकिटं असं दोन-तीन पायऱ्यांनी केलं की मनातला रुपया हरवतो. ८९९ रुपये खर्च करताना माणूस थांबतो, १,१०० नाणी खर्च करताना थांबत नाही. पहिली खरेदी मुद्दाम स्वस्त ठेवतात, २९ किंवा ४९ रुपये, कारण ज्यानं एकदा पिन टाकला त्याचा हात दुसऱ्यांदा लवकर जातो. घड्याळ उलटं फिरत असतं, "फक्त ३ तास उरले", आणि तीच वस्तू दोन महिन्यांनी परत येते. फुकट गेममध्ये बहुतेक लोक एक रुपयाही देत नाहीत. मोठी कमाई थोड्या लोकांकडून होते, आणि त्या थोड्या लोकांना इंग्रजीत व्हेल म्हणतात. म्हणजे देवमासा. आमच्या तक्त्यावर हा शब्द असायचा. एकदा त्यातल्या एका खात्याच्या खेळायच्या वेळा बघितल्या, सोमवार ते शुक्रवार दुपारी अडीचनंतर, रविवारी दिवसभर. शाळकरी मुलगा होता हे समजायला अजून काय लागतं? मी वरिष्ठांना दाखवलं. पुढं काही झालं नाही. त्यानंतर चार महिन्यांनी मी राजीनामा दिला, आणि ते चार महिने मी तिथं का थांबलो हा प्रश्न मला अजून टोचतो.

नांदेडकर भाऊ म्हणतात ते मला मान्य आहे. फुकट गेम बनवणाऱ्यांनाही पगार लागतो. समोर ठेवलेली वस्तू, रुपयांत लिहिलेली किंमत, पटलं तर घ्या, यात मला काही वाईट दिसत नाही. माझा विरोध चिठ्ठीला आहे.

आपल्या लहानपणी शाळेसमोरच्या दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असायचा, आठवतो? चार आणे देऊन एक फाडायची, आत नंबर निघाला तर बक्षीस. स्पिन म्हणजे तोच पुठ्ठा. फरक इतकाच की त्या पुठ्ठ्यावर किती चिठ्ठ्या उरल्यात ते दिसायचं आणि पुठ्ठा कधीतरी संपायचा. हा संपत नाही.

मुलाला काय सांगू विचारलंत. सांगू नका, करून दाखवा. चीननं मे २०१७ पासून गेम कंपन्यांना बक्षीस लागायची शक्यता जाहीर करायला लावली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅपलनंही आपल्या स्टोअरसाठी तो नियम केला. त्यामुळे आता बहुतेक गेममध्ये स्पिनच्या पानावर कोपऱ्यात बारीक चिन्ह असतं, ते दाबलं की टक्केवारी दिसते. मोठ्या बक्षिसाची टक्केवारी बघा. समजा अर्धा टक्का असेल, तर २०० चिठ्ठ्या करा, एकीवर खूण करा, डब्यात टाका आणि मुलाला काढू द्या. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत डब्यात टाकायची, हे विसरू नका.

आणि त्याच्याबरोबर खेळायला एकदाच पैसे देऊन घेतात असे गेम आहेत. स्टारड्यू व्हॅली मोबाईलवरही मिळतो, शेतीचा आहे, एकदा घेतला की आत काहीच विकायला नाही. तुमच्याकडे कन्सोल किंवा पीसी असेल तर 'राजी' बघा. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढला, भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे. असे गेम विकत घेतले गेले तर माझ्यासारख्या पोरांना इथं दुसऱ्या प्रकारचं काम मिळेल. हा माझा स्वार्थ समजा.

कोर्टाची_पायरी (सोमवार, संध्याकाळी ७:४५)

आता जरा निवांत लिहिते. मी लातूरला वकिली करते, ग्राहक आयोगासमोरची प्रकरणं जास्त.

कोणीतरी सांगेल की १८ वर्षांखालच्या मुलाचा करार रद्दबातलच असतो, तेव्हा पैसे मिळणारच. कायदा तसाच आहे, १८७२ चा करार कायदा आणि त्यावरचा १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. पण इथं खातं आईचं, मोबाईल आईचा, पिन बरोबर टाकलेला. समोरचा वकील पहिलं हेच म्हणेल. गुरुवारच्या तीन हजार आठशे रुपयांसाठी बहिणीला तारखांना फिरवावं असं मी सुचवणार नाही.

पण तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार सांगितलेत. कोडर भाऊंनी सांगितलेलं उलटं घड्याळ म्हणजे त्यातली खोटी घाई. तक्रारीत तो शब्द वापरा. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला, पण तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. स्पिनमधून स्किन मिळते, रोख नाही, त्यामुळे या प्रकरणाला तो सरळ लागू पडेल असं मला वाटत नाही.

हिशेबनीस दादांच्या २०० नाण्यांबद्दल मात्र मला बोलायचंय. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी गेममधल्या चलनांबद्दल तत्त्वं जाहीर केली. वस्तूची किंमत खऱ्या पैशातही स्पष्ट दिसली पाहिजे, आणि नको असलेलं चलन घ्यायला लागेल अशी रचना नको. तुमची वहीतली तक्रार जवळजवळ याच शब्दांत तिथं आहे. आपल्याकडे हे मागायला हवं, आणि मागताना तुमच्या वहीसारखा पुरावा लागतो. ती पानं जपून ठेवा.

हिशेबनीस_विटा (पुढच्या रविवारी, रात्री ८:१०)

सगळ्यांना नमस्कार. काल-आज कऱ्हाडला होतो.

शनिवारचे २,९९९ परत आले. गुरुवारच्या दोन व्यवहारांना कंपनीनं नाही म्हटलं. १९१५ वर तक्रार केली, क्रमांक मिळाला.

काल जेवणं झाल्यावर दाजींकडून मोबाईल मागून घेतला आणि भाच्याला घेऊन बसलो. ते बारीक चिन्ह त्यालाच शोधायला लावलं. अर्धा टक्काच निघाला. मग जुन्या वहीची पानं फाडून २०० चिठ्ठ्या केल्या, एकीवर लाल पेनानं बंदूक त्यानंच काढली. बहिणीच्या बटणांचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात टाकल्या. त्याच्या पैशात ८० स्पिन आले होते, म्हणून ८० वेळा काढायचं ठरलं. एक काढायची, बघायची, परत टाकायची, डबा हलवायचा. मी वहीत रेघा ओढत होतो. पन्नाशीपर्यंत तो हसत होता. साठीनंतर दाजीही जवळ येऊन बसले. ८० झाल्या, बंदूक आली नाही.

डबा त्याच्याच हातात होता. म्हणाला, "मामा, अजून दहाच काढू?"

मी वहीवरून मान वर केली नाही, फक्त विचारलं, "एक स्पिन कितीला पडला होता?" त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ६,७९७ भागिले ८० केलं. ८५ रुपये आले. मग कोणी न सांगता त्यानं खाली ६,७९७ भागिले २५० मांडलं. २७ आलं, बाकी ४७. २५० कुठून आले ते मी विचारलं नाही. शिलाईचं मशीन त्याच खोलीत आहे.

नांदेडकर भाऊंचं ऐकून गल्लीतल्या पोरांचीही चौकशी केली. दोघं त्याच्याच शाळेतली निघाली, तिसरा शोधतोय. स्टारड्यू व्हॅली मी माझ्या मोबाईलवर घेतला, आज सकाळी त्यानं त्यात बी पेरलं आणि पाणी घातलं. पुढच्या शनिवारी मी परत जाईन, तेव्हा दुसरा कंट्रोलर बरोबर नेणार आहे. माझ्या शर्यतीच्या गेमच्या २०० नाण्यांचं काय करायचं ते ठरलं नाही, ती तशीच वहीत शिल्लक दाखवली आहेत. कोर्टाची_पायरी ताई, त्या पानांचे फोटो तुम्हाला कुठे पाठवू?